फुलं काळी पडली? आधी फ्रेम तपासा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दाबून वाळवलेली फुलं, जलरंग आणि रेशमाचं भरतकाम एकत्र करून तुम्ही चित्र केलंत. लाकडी चौकटीवर पीओपीची नक्षी स्वतः ओतून बसवलीत, वर सोनेरी रंग दिलात. जूनच्या सुरुवातीला सगळं झकास होतं. श्रावणात काचेच्या आतून वाफ धरली, गुलाब काळे पडले, मोगरा तपकिरी झाला आणि फ्रेमच्या दोन कोपऱ्यांना तडे गेले. दिवाळीआधी प्रदर्शन आहे, अशी दहा-बारा चित्रं करायची आहेत, तर फुलांवर कुठलं वार्निश फवारावं, असं तुम्ही विचारलंय.

वार्निशचं उत्तर सोपं आहे: कुठलंच नको. पातळ पाकळीवर वार्निश पडलं की ती पारदर्शक होते आणि मागच्या कागदाचा रंग वर येतो. शिवाय पाकळीत ओल राहिली असेल तर तीही आतच कोंडली जाते. रेझिनचंही तेच. ओतल्या दिवशी देखणं दिसतं, पण उजेडात ते हळूहळू पिवळं पडतं, आणि मग फुलं बदलायची सोयही उरत नाही.

खरा प्रश्न वार्निशचा नाहीच. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारी, म्हणजे वाफ, काळी फुलं आणि तडे, माझ्या मते पाण्याच्या आहेत. ते पाणी कुठून आलं हे चित्र हातात घेतल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही. फुलं कच्ची वाळली असतील. चित्र पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर असेल. पण तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय फ्रेमवर आहे.

हिशोब बघा. १०० ग्रॅम पीओपी घट्ट व्हायला रासायनिकदृष्ट्या साधारण १८-१९ ग्रॅम पाणी पुरतं. पण तेवढ्यात ते कालवताच येत नाही. साच्याच्या कानाकोपऱ्यात उतरावं म्हणून आपण ६०-७० ग्रॅम पाणी घालतो. म्हणजे ४०-५० ग्रॅम पाणी जास्तीचं, आणि ते उडूनच जायला हवं. तुमच्या फ्रेमला दोन किलो पीओपी लागलं असेल तर जवळजवळ लिटरभर पाणी तिच्या पोटात होतं. अर्ध्या तासात ती टणक होते म्हणून आपल्याला वाटतं वाळली. टणक होणं वेगळं आणि वाळणं वेगळं. त्यात तुम्ही समोरून सोनेरी रंगाचे दोन-तीन हात दिलेत, म्हणजे समोरची वाट बंद झाली. मग ते पाणी मागे लाकडात मुरलं आणि आतल्या बाजूने काचेमागच्या पोकळीत गेलं. दिवसा ती हवा दमट आणि उबदार, रात्री काच गार. तुमची वाफ म्हणजे आतल्या आत पडलेलं दव.

फ्रेम वाळली की नाही हे बघायला मी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरते. साच्यातून काढल्यावर वजन करायचं आणि मागच्या बाजूला पेन्सिलने तारखेसकट लिहायचं. मग एक-दोन दिवसांआड पुन्हा. आकडा उतरत असेल तोवर फ्रेमला रंग लावायचा नाही. सलग दोन-तीन वेळा तोच आकडा आला की वाळली. काटा नसेल तर फ्रेमची पाठ गालाला लावून बघा. ओल असेल तर ती खोलीतल्या इतर वस्तूंपेक्षा गार लागते, कारण पाणी उडताना उष्णता ओढून घेतं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये ही वाट बघणं सोपं जातं. जुलै-ऑगस्टमध्ये आकडा एका जागी थांबला तरी त्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका. बाहेरची हवाच इतकी दमट असते की फ्रेम तिच्याशी बरोबरी करून थांबलेली असते.

म्हणूनच मी शिकायला येणाऱ्यांना पहिल्यांदा फुलांना हात लावू देत नाही. आधी फ्रेम. बहुतेक जण चित्र पूर्ण करतात आणि मग त्याला शोभेल अशी चौकट शोधतात. साध्या चित्राला ते चालतं. वाळलेली फुलं, कापड, दोरा, उठावाची पाकळी असं सगळं एकत्र असलेल्या चित्राला चालत नाही. चित्राला जाडी असते, आणि ती जाडी किती चालेल हे फ्रेमची आतली खाच, म्हणजे काच आणि चित्र जिथे बसतं ती खोबण, ठरवते. चित्र किती श्वास घेणार, किती उजेड खाणार, तेही फ्रेमच ठरवते. आणि नक्षी हाताने करायची असेल तर ती चित्राचाच भाग होते, नंतर चढवलेला दागिना राहत नाही. गुस्ताव्ह क्लिम्टच्या १९०१ मधल्या ‘जुडिथ’ या चित्राची धातूची फ्रेम त्याच्या भावाने, गेऑर्गने घडवली होती. चित्रातलं सोनं कुठे संपतं आणि फ्रेमचं कुठे सुरू होतं, ही सीमा त्यात मुद्दाम पुसट ठेवलेली आहे. आपण क्लिम्ट नाही हे मान्य, पण विचार त्या दिशेने करायला काहीच हरकत नाही.

आता तडे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. चौकटीचा कोपरा ४५ अंशात कापून जोडलेला असतो, त्यामुळे पट्टी रुंदीत हलली की सांधा किंचित उघडतो, मिटतो. साध्या पॉलिश केलेल्या फ्रेममध्ये केसाएवढी फट दिसते आणि कुणी लक्ष देत नाही. तुम्ही मात्र त्या सांध्यावर पीओपीचं सलग फूल बसवलंत. पीओपीला हलणं माहीत नाही, त्यामुळे तडा तिथेच जाणार. गणपती करणारे कारागीर पीओपीत काथ्या घालतात, तसा घातलात तर तुकडा पडणार नाही, पण तडा तरी दिसेलच.

यावर माझे उपाय तीन. लाकूड शक्यतो जुनं सागवान घ्यायचं. जुने वाडे पडतात तेव्हा त्यांचं लाकूड विकायला येतं आणि ते दशकानुदशकं वाळून निवलेलं असतं. महाग वाटलं तर चांगली पाइनची पट्टी चालेल, पण ती आणल्या आणल्या कापू नका, ज्या खोलीत काम करता तिथेच काही आठवडे आडवी पडू द्या. एमडीएफ मी ओल्या कामाखाली वापरत नाही. कडेने पाणी पिऊन फुगलं की ते पुन्हा बसत नाही. दुसरं, कोपऱ्याला मागून प्लायवूडचा त्रिकोणी तुकडा डिंक आणि स्क्रूने बसवायचा, म्हणजे सांध्याची हालचाल कमी होते. फ्रेमवाल्याकडून चौकट करून घेत असाल तर त्याला हे आधी सांगा, नुसत्या खिळ्यांवर भागवू देऊ नका. तिसरं, आणि सगळ्यात उपयोगी: कोपऱ्याचं नक्षीचं फूल वेगळं करायचं आणि एकाच बाजूच्या पट्टीला चिकटवायचं. दुसऱ्या पट्टीवर ते नुसतं टेकलेलं राहतं. सांधा खालून हलत राहतो आणि वरचं फूल शाबूत राहतं.

नक्षीसाठी पीओपीपेक्षा मला कागदाचा लगदा आवडतो. वजनाला हलका, थोडा लवचिक, आणि तुटला तर भाताच्या शितानेसुद्धा तात्पुरता चिकटवता येतो. पूर्वी घरोघरी बायका सुपं आणि टोपल्या कागद-मेथीच्या लगद्याने लिंपत, तोच हा प्रकार. वर्तमानपत्र बारीक फाडून रात्रभर भिजवायचं, सकाळी उकळायचं, वेगळ्या ठेवलेल्या भांड्यात मिक्सरवर फिरवायचं आणि कापडातून घट्ट पिळायचं. पिळलेल्या दोन वाट्या लगद्याला एक वाटी खडूची पावडर, पाव वाटी फेव्हिकॉल, दोन चमचे मेथीची पूड. मेथीने चिकटपणा येतो आणि लगदा बोटाखाली गुळगुळीत होतो. खडूमुळे वाळताना आक्रसणं कमी होतं. गव्हाची खळ मात्र घालू नका, पावसाळ्यात कसर तिच्या वासावरच येते. थर एका वेळी तीन-चार मिलिमीटरपेक्षा जाड नको. जाड दिलात तर वरून वाळून आत ओला राहील आणि आपण पुन्हा तिथेच येऊ.

नक्षीचे साचे कुठून? कापडछपाईचे जुने लाकडी ठसे फार छान उतरतात. जुन्या लाकडाच्या दुकानात कोरीव तुकडे मिळतात, त्यावरून दोन भागांच्या सिलिकॉन पुटीने छाप घेता येतो. नाशिकच्या सरकारवाड्यासारख्या जुन्या वाड्यात किंवा देवळात बघितलेली नक्षी आवडली तर बसून कागदावर रेखाटा आणि घरी मातीत घडवा. जुन्या वास्तूवर सिलिकॉन दाबायला कृपा करून जाऊ नका. रेखाटलेली नक्षी थोडी वाकडी येते आणि म्हणूनच ती तुमची होते. वेलीची किनार हवी असेल तर येवल्याच्या पैठणीच्या काठावरची आसावली बघा. तीत फूल, पान आणि वळण यांची लय इतकी पक्की बसलेली आहे की फ्रेमच्या पट्टीवर ती जशीच्या तशी चालते.

आणखी एक नाशिकची चीज सांगते. द्राक्षाच्या बागेत वेलीची कामं चालतात तेव्हा बाळ्या, म्हणजे वेलीचे ते मुरडलेले ताणे, ढिगाने काढून टाकतात. वाळल्या की त्या तारेसारख्या कडक होतात. पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून लगद्याच्या नक्षीत खोचल्या तर साच्यातून कधीच येणार नाहीत अशी वळणं मिळतात. मात्र बागेत बोर्डो फवारलेलं असतं, म्हणजे मोरचूद आणि चुना. निळसर पुटं चढलेली बाळी तशीच वापरू नका, हातमोजे घालून दोन पाण्यांत धुवा आणि मग वाळवा.

सोनेरी कामाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी बोलते, कारण फोटोत तुमचं सोनं मातकट दिसतंय. डबीतला सोनेरी रंग कितीही महाग आणला तरी तसाच दिसतो. कलाकामाच्या दुकानात ‘गोल्ड लीफ’ म्हणून वह्या मिळतात, ते बहुतेक वेळा पितळेचे अतिपातळ पत्रे असतात, सोनं नव्हे. पण काम सुंदर करतात. युरोपात खऱ्या सोन्याच्या वर्खाखाली तांबूस मातीचा थर देण्याची पद्धत आहे, आपल्याकडे त्यासाठी गेरू हाताशी आहे. बारीक वस्त्रगाळ गेरू पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवून नक्षीवर दोन हात द्यायचे, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासायचं, वर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचा एक हात. मग वर्ख चिकटवायचा गोंद. बोटाच्या सांध्याने टेकून बघायचं. चिकटला पण बोटाला लागला नाही, की वर्ख टाकायची वेळ झाली.

पंखा बंद करा. श्वाससुद्धा बाजूला सोडा, नाहीतर पत्रा उडून कपाळावर बसतो. बटर पेपरवर उचलून नक्षीवर सोडायचा आणि मऊ ब्रशने दाबायचा. खळग्यात तो फाटतो, फाटू द्या. दुसऱ्या दिवशी कापसाच्या बोळ्याने गोल गोल घासलं की नक्षीच्या उंच भागांवरचं सोनं किंचित विरतं आणि खालचा गेरू डोकावतो. पाकळीच्या कडेला तो तांबूस रंग दिसला की थांबायचं. आणखी दोन फेरे मारलेत तर सोनं जाईल आणि नुसती गेरूने रंगवलेली चौकट उरेल. वरून पुन्हा लाखेचा पातळ हात द्यायलाच हवा, कारण पितळी वर्ख उघडा राहिला की घामाच्या बोटांचे ठसे काळे-हिरवे उमटतात. मिठाईवरचा चांदीचा वर्ख वापरायचा मोह होईल, तोही झाकलाच पाहिजे, नाहीतर हवेतल्या गंधकाच्या वायूंनी काळवंडतो.

आता फुलांकडे. कुठलं फूल खरं वापरायचं आणि कुठलं दुसऱ्या माध्यमात करायचं, या निवडीत तुमचं नुकसान झालंय असं मला वाटतं. मोगरा, निशिगंध, जाई, पांढरा गुलाब ही फुलं दाबून पांढरी राहतच नाहीत. कापलेलं सफरचंद लाल पडतं तीच क्रिया त्यांच्यात होते, आणि पांढऱ्यावर ती लपत नाही. लाल गुलाब वाळून मरून रंगाचा होतो आणि लाल जितका गडद, तितका काळ्याकडे झुकतो. मोहाडी-जानोरीकडच्या पॉलिहाऊसचे लांब दांड्याचे गुलाब तर जाड पाकळीचे, ते दाबायला आणखी अवघड. नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद, म्हणून गिऱ्हाईक गुलाबाचा हट्ट धरतं हे मला माहीत आहे. पण तो गुलाब रेशमात भरा, ऑर्गंडीत कापा, हातकागदाच्या पाकळ्या करून जलरंगाने रंगवा. अनेक माध्यमं एकत्र करायचं कारण हेच असावं: जे फूल वाळून टिकत नाही, ते दुसऱ्या वस्तूत करायचं. नुसती विविधता दिसावी म्हणून दोरा, मणी, टिकल्या, क्ले सगळं एका कागदावर आणलं की रुखवताचा देखावा होतो.

खरी वापरायची तर झेंडूच्या सुट्या पाकळ्या घ्या, पिवळा-केशरी रंग पुष्कळ तग धरतो. बोगनवेल उत्तम, ती मुळातच कागदी असते आणि नवशिक्यालाही दगा देत नाही. शेवंतीचं अख्खं फूल दाबू नका, बाहेरच्या पाकळ्या सुट्या करून दाबा आणि कागदावर पुन्हा फूल रचा. कॉसमॉस, वर्बिना, शंकासुराच्या पाकळ्या, नेचे, गाजर-कोथिंबिरीची फुलोऱ्यावर आलेली टोकं, सगळं चालतं. गोकर्ण फार मोहात पाडतो, पण त्याचा निळा रंग आम्ल आणि अल्कली दोन्ही ओळखतो. गोकर्णाच्या चहात लिंबू पिळल्यावर तो जांभळा होतो ते पाहिलं असेल तुम्ही. खालचा कागद आम्लधर्मी असेल तर गोकर्ण तुम्हाला कळवल्याशिवाय रंग बदलतो. जांभळ्या-निळ्या बहुतेक फुलांचं हेच आहे, शिवाय ती उजेडातही लवकर फिकटतात.

फूलबाजारातून आणलेल्या फुलांवर विक्रेते सकाळपासून पाणी शिंपडत असतात. ती थेट दाबणीत घालू नका. देठ पाण्यात ठेवून, पाकळ्या हवेशीर सुकू देऊन दुपारी घाला. अंगणातली असतील तर दव उडाल्यावर, दहा-अकराच्या सुमारास तोडा. वाळवण्यात सगळा खेळ वेगाचा आहे. पाकळी जितकी लवकर कोरडी, तितका रंग जास्त राहतो, कारण तपकिरी पाडणाऱ्या क्रियेला वेळच मिळत नाही. म्हणून टिपकागद पहिले दोन-तीन दिवस रोज बदलायचा. पावसाळ्यात दाबणीवर भरवसा ठेवण्याऐवजी दोन टिपकागदांमध्ये ठेवून कोमट इस्त्री थांबत थांबत फिरवा, वाफ बंद ठेवून. जाड फुलांना सिलिका जेलमध्ये पुरून घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस ठेवा. रंग बदलणारे खडे घ्या, म्हणजे ते भरले की कळतं आणि तापवून पुन्हा वापरता येतात. तयार पाकळी वाकवली तर कागदासारखी कडकडली पाहिजे. मऊ वळली तर ती अजून ओली आहे.

पार्श्वभूमी गडद घेण्याचा विचार करून बघा. मेरी डेलनी नावाची इंग्लिश बाई १७०० साली जन्मली आणि वयाच्या ७२ व्या वर्षी तिने रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून फुलं चिकटवायला सुरुवात केली. जवळजवळ १००० चित्रं केली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बहुतेकांची पार्श्वभूमी दाट काळी आहे आणि काहींत तिने कागदाच्या जोडीला खरं वाळलेलं पानही चिकटवलंय. काळ्यावर फिकट फूलसुद्धा उजळून दिसतं आणि तपकिरी पडलेली कड कडेसारखी वाटते, डागासारखी नाही. पांढऱ्या हातकागदावर तीच कड लगेच खुपते.

कामाचा क्रम एका दमात सांगते. कागद सुती, आम्लमुक्त. आधी जलरंग, पूर्ण वाळू द्यायचे. मग भरतकाम, आणि सुईची भोकं आधीच टोचून ठेवायची, नाहीतर कागद फाटतो. मग कापड. खरी फुलं सगळ्यात शेवटी. डिंक पाकळीभर फासायचा नाही, दातकोरणीच्या टोकाने देठाकडे एक ठिपका आणि मोठी पाकळी असेल तर मधे आणखी एक. डिंकातलं पाणीसुद्धा पाकळीला डाग पाडतं. जुन्या पैठणीचा काठ वापरणार असाल तर त्याची जरीची बाजू फुलांपासून थोडी दूर ठेवा आणि काठ आधी नीट झटकून उन्हात टाका. कपाटातल्या जुन्या साडीत कसर असते, आणि ती तुमच्या फ्रेममध्ये मुक्कामाला येते.

फ्रेम बंद करताना काच फुलांना टेकू देऊ नका. काच आणि चित्र यांच्यात सहा-आठ मिलिमीटरची पट्टी, म्हणजे बॉक्स फ्रेमच करायची. ही जागा खाचेत मिळायला हवी, म्हणून फ्रेम आधी. मागे आम्लमुक्त बोर्ड, त्यामागे बॅकिंग, चारी कडांना कागदी टेप. आत सिलिका जेलची छोटी पुडी टाकतात, पण ती काही दिवसांत भरते आणि मग नुसती पडून राहते. त्यापेक्षा बंद करण्याची वेळ निवडा: कोरडी दुपार. पावसाळ्यात करणं भागच असेल तर काच, बोर्ड, चित्र, सगळं एका मोठ्या हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत दोन दिवस ठेवा आणि काढल्या काढल्या बंद करा. टांगताना चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. वाइनच्या बाटल्यांची बुचं नाशिकात कुणाकडेही मिळतील. पश्चिमेच्या खिडकीसमोर किंवा पावसाने ओलावणाऱ्या भिंतीवर लावू नका. घेणाऱ्यालाही हे स्पष्ट सांगा, आणि रंग कालांतराने फिकटतील हेही सांगा. मागे फुलांची नावं आणि महिना लिहून देत जा, लोकांना ते आवडतं.

एक मत, पटलं तर घ्या. तुमच्या फोटोत फ्रेमवरची फुलं आणि आतली फुलं जवळजवळ एकाच मापाची आहेत, त्यामुळे नजर कुठे थांबावी हेच कळत नाही. नक्षी भरगच्च हवी असेल तर आत एकच फांदी ठेवा, आणि आत बाग फुलवायची असेल तर फ्रेमवर फक्त वेल आणि कोपरे. दोन्हींच्या मधे बोटभर साधी, बिननक्षीची पट्टी सोडा. ती गेरूचीच ठेवलीत तरी छान दिसते.

किंमत काय ठेवावी हेही शेवटी ओझरतं विचारलंय तुम्ही. फ्रेमचे तास मोजा, एवढंच सांगेन. बहुतेक जणी चित्राचे पैसे लावतात आणि फ्रेम फुकट देतात, जेव्हा निम्म्याहून अधिक मेहनत फ्रेमवरच गेलेली असते.

दिवाळीचं गणित जमेल असं. आत्ता श्रावणात फक्त लाकडी चौकटी आणि लगद्याची नक्षी करा, थर पातळ ठेवा, पंख्याखाली वाळवा. गणपतीत आणि नवरात्रात फुलं मिळतील तशी इस्त्रीने आणि सिलिका जेलने वाळवून, कागदाच्या पाकिटांत भरून हवाबंद डब्यात जमा करा. पाऊस ओसरून ऑक्टोबरची उष्णता सुरू झाली की वजन करा, आकडा थांबला की वर्खाचं काम करा, मग चित्रं बसवा आणि दसऱ्यानंतरच्या कोरड्या दुपारी बंद करा. बारा झेपणार नाहीत असं मला वाटतं. सात-आठ नीट करा.

आणि बिघडलेलं चित्र टाकून देऊ नका. मागची टेप कापून ते उघडा, चित्र बाहेर काढून पंख्याखाली ठेवा, काळे गुलाब चिमट्याने उचला आणि त्या जागी रेशमाचे भरा, मागचं जलरंगाचं काम बहुधा शाबूत असेल. उघडल्यावर बॅकिंगच्या आतल्या बाजूचा एक फोटो मात्र इथे टाका. डाग चारी कडांनी आत सरकलेले असतील तर पाणी फ्रेमचंच. फक्त फुलांच्या मागे गोल गोल असतील तर फुलं कच्ची होती. आणि एकाच बाजूने, खालून किंवा भिंतीच्या अंगाने चढलेले दिसले, तर वरचं फ्रेमचं पुराण तुमच्या बाबतीत दुय्यम आहे, आधी ती भिंत बघावी लागेल.